अँटेना स्विच टेबलावर की गच्चीवर?

उद्यमनगरी
सध्या आपल्या हॅम (हौशी रेडिओ) मंडळींत एका सेटला अनेक अँटेना आलटून-पालटून जोडणाऱ्या रिमोट स्विचचं खूळ आलंय. गच्चीवर रिलेचा (विजेवर हलणाऱ्या स्विचचा) डबा, खाली एकच कोअ‍ॅक्स (अँटेनाची केबल), टेबलावर बटणं. मला पटत नाही. प्रत्येक अँटेनाची केबल खोलीपर्यंत आणा आणि डायकास्ट बॉडीचा साधा नॉबवाला स्विच लावा. बिघडला तर चार स्क्रू काढून दिसतो तरी. आपल्याकडच्या पावसात गच्चीवरच्या डब्यात पाणी शिरणार नाही, याची हमी कोण घेणार?

रंकाळाकाठ
दादा, केबलचा हिशोब केलाय का? तीन अँटेना, प्रत्येकी 30 मीटर, म्हणजे 90 मीटर. एवढी जाड आरजी-213 केबल परवडत नाही, मग माणूस बारीक आरजी-58 वर येतो. 145 मेगाहर्ट्झला तिच्या 30 मीटरमध्येच सुमारे 6 डीबी (डेसिबल, घट मोजायचं माप) जातात. 50 वॅट सोडले तर वर पोचतात जेमतेम 12! आरजी-213 मध्ये हेच अडीच डीबीच्या आसपास. स्विचच्या 0.2 डीबीवरून तासभर वाद घालतात, केबलचं कुणी काढत नाही.
पाण्याचं म्हणाल तर केबल खालून आत घ्या, तळाला बारीक भोक ठेवा, कनेक्टरवर सेल्फ अमाल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) टेप गुंडाळा.

उद्यमनगरी
आणि वीज गेल्यावर? कोल्हापूरचा 2019 चा पूर विसरलात वाटतं. रिले कशावर ओढणार?

रंकाळाकाठ
सेट ज्या बॅटरीवर चालतो, तिच्यावरच की! 100 वॅटचा सेट पीटीटी (बोलताना दाबायचं बटण) दाबल्यावर 20 अँपिअर खातो. रिलेचे शंभरेक मिलिअँपिअर त्यात कुठे दिसणार?

जोतिबा_टू_मीटर
दोघेही आयसोलेशन, म्हणजे एका पोर्टची पॉवर दुसऱ्यात किती कमी गळते ते, विसरलात. एचएफवर (3 ते 30 मेगाहर्ट्झ) 60 डीबी देणारा स्विच 145 मेगाहर्ट्झला तेवढं देईलच असं नाही. 100 वॅट सोडले, तर 60 डीबीला शेजारच्या पोर्टवर 0.1 मिलिवॅट गळतो. 30 डीबीच असेल तर 0.1 वॅट, आणि तिथे दुसरा सेट जोडलेला असेल तर त्याचं रिसीव्हर गेलंच समजा. माझी टू मीटरची (145 मेगाहर्ट्झच्या बँडची) केबल थेट सेटला जाते, मध्ये स्विच नाही. 435 मेगाहर्ट्झला स्विच लावायचाच असेल तर एन-टाइप कनेक्टरचा घ्या, नेहमीच्या एसओ-239 सॉकेटचा नको.

नवीन_लायसन्स
नॉब ग्राउंडवर ठेवला की विजेपासून सेट वाचतो ना?

जोतिबा_टू_मीटर
नाही ताई. आतल्या काँटॅक्टमधलं अंतर मिलिमीटरभराचं, विजेला ते काय अडवणार? वळवाचं आभाळ भरलं की केबल काढून खोलीबाहेर टाकायची. रिमोटवाल्यांनी कंट्रोल वायरही काढायची. ती हमखास राहते.

उद्यमनगरी
बघा, आणखी एक वायर वाढली! असो. डबा लावणारच असाल तर आधी खालीच प्रत्येक पोर्टला डमी लोड (अँटेनाच्या जागी लावायचा रेझिस्टर) लावून एसडब्ल्यूआर (किती पॉवर परत येते त्याचं माप) बघा, मग वर चढवा. आणि पीटीटी दाबलेलं असताना अँटेना बदलू नका. माझा नॉबवाला काँटॅक्ट जळला तर इथल्या इथे बदलेन, तुमच्या रिलेसाठी भर पावसात शिडी लावावी लागेल.

रंकाळाकाठ
म्हणून तर पीटीटीचं इंटरलॉक (आपोआप अडवणारी जोडणी) लावलंय. ट्रान्समिट चालू असताना रिले हलतच नाही. तुमच्या नॉबला बसवून दाखवा तसं!