अनुभवाची वर्षे मोजताना

२००८ च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत (अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत) बराक ओबामांऐवजी हिलरी क्लिंटन अधिक अनुभवी असल्याने त्यांचीच निवड व्हायला हवी होती, हे मत मला पटत नाही. ओबामा २००५ मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये आले हे खरे, पण त्याआधी इलिनॉय राज्याच्या विधिमंडळात घालवलेली सुमारे आठ वर्षे आपण हिशेबातच धरत नाही. शिवाय ऑक्टोबर २००२ मध्ये क्लिंटन यांनी इराकविरुद्ध बळ वापरण्याच्या ठरावाला पाठिंबा दिला, तर त्याच महिन्यात ओबामांनी शिकागोतील सभेत त्या युद्धाला जाहीर विरोध केला. आणि नुसत्या अनुभवाने यशाची हमी मिळत नाही: काँग्रेसची (अमेरिकी संसदेची) दोन्ही सभागृहे, परराष्ट्रमंत्रिपद आणि लंडनमधील वकिलात अनुभवलेल्या, लिंकन यांच्या आधीचे राष्ट्राध्यक्ष असलेल्या बुकॅनन यांना यादवी युद्धाआधीची संघराज्याची फाटाफूट थोपवता आली नाही. ते एकसंध राखले लिंकन यांनी, ज्यांच्यापाशी राष्ट्रीय पातळीवरचा अनुभव म्हणून प्रतिनिधीगृहातील एकच कार्यकाळ होता.