भवरलाल जैन यांच्यावर स्मरणलेख: पुरस्कारांची यादी सोडून काय लिहावं?

खानदेशी_वाचक
कृषी महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात जळगावच्या जैन इरिगेशन या ठिबक सिंचन कंपनीचे संस्थापक भवरलाल जैन यांच्यावर दोन पानं ठेवली आहेत. हाती आलेल्या मसुद्यात जन्म (१२ डिसेंबर १९३७, वाकोद, ता. जामनेर), निधन (२५ फेब्रुवारी २०१६), पद्मश्री (२००८) एवढं आहे, आणि उरलेली जागा ‘थोर’, ‘द्रष्टे’, ‘जलपुत्र’ अशा शब्दांनी भरली आहे. वाचणारी मुलं शेतकऱ्यांच्या घरची. त्यांना धरून ठेवील असं काय घालता येईल? आणि घरच्या माणसांबद्दल किती लिहावं?

बांधावरून
आधी विशेषणं काढा, मग धंद्यांचा क्रम लावा. लेख तिथेच उभा राहतो. वाणिज्य आणि कायद्याची पदवी घेऊन, हाताशी आलेली सरकारी अधिकाऱ्याची नोकरी सोडून १९६३ मध्ये घरच्या सात हजार रुपयांवर रॉकेलचा धंदा, तोही हातगाडीवर. मग खतं, बियाणं, औषधं, ट्रॅक्टर यांच्या एजन्सी. १९७८ मध्ये केळीच्या भुकटीचा बंद पडलेला कारखाना ३० लाखांना लिलावात घेतला आणि तिथे भुकटीऐवजी पपेन, म्हणजे पपईच्या चिकातलं विकर (एन्झाइम), काढलं. १९८० मध्ये पीव्हीसी पाइप, त्या दशकाच्या शेवटी ठिबक. पुढे टिश्यूकल्चरची (प्रयोगशाळेत ऊतींपासून वाढवलेली) केळी, आंब्याचा गर, वाळवलेला कांदा. रॉकेल सोडलं तर जवळपास प्रत्येक टप्प्यावर व्यवहार एकाशीच, शेतकऱ्याशी. फरक इतकाच की आधी त्याला माल विकला, नंतर त्याच्याकडून मालही घेतला.

नव्वदच्या दशकात शेतीबाहेरच्या धंद्यांत हात घातला आणि कंपनी अडचणीत आली, हेही लिहा. गौरवलेखात ते हमखास गाळतात, आणि मग माणूस कॅलेंडरवरच्या चित्रासारखा दिसतो. अमेरिकेतल्या इरिगेशन असोसिएशनचा क्रॉफर्ड रीड पुरस्कार (१९९७) आणि पद्मश्री मिळून एक ओळ पुरे.

चीकवाला
पपेनवर एक परिच्छेद खर्च करा. ‘पपईपासून पपेन बनवले’ एवढ्याने कुणाला काही कळत नाही. फळधारणेनंतर ७५ ते ९० दिवसांचं हिरवं फळ झाडावरच ठेवून त्याला ३ मिलिमीटर खोल, चार उभे काप देतात. वेळ सकाळी दहाच्या आतली. ऊन चढलं की चीक वाहायचा थांबतो. दर ३-४ दिवसांनी आधीचे काप सोडून नव्या जागी, असं चार वेळा. पातं स्टेनलेस स्टीलचं, भांडं काचेचं किंवा ॲल्युमिनियमचं. लोखंड लागलं की चीक काळवंडतो आणि पपेनची ताकद उतरते. चिकात ०.०५ टक्के पोटॅशियम मेटाबायसल्फाइट (चीक टिकवणारं रसायन) घालून ५० ते ५५ अंशांवर वाळवायचं. घाईने उष्णता वाढवली तर विकरच मरतं आणि हाती नुसती भुकटी राहते.

म्हणजे कारखान्याची प्रत शेतातच ठरते. शेतकऱ्याने दुपारी काप दिले किंवा चीक उन्हात ठेवला तर शुद्धीकरणाचं यंत्र कितीही चांगलं असो, उपयोग नाही. शेतकऱ्याला शिकवल्याशिवाय हा धंदा चालतच नाही. पुढे ठिबक विकताना हेच कामी आलं असावं, असं माझं मत.

खानदेशी_वाचक
हे घेतोच. ठिबकबद्दल असंच काही? मसुद्यात ‘पाण्याची बचत झाली’ एवढंच वाक्य आहे.

सबमेन
आकडे मांडा. केळी ६ बाय ५ फुटांवर, म्हणजे एकरी सुमारे १४५० झाडं. ऐन उन्हाळ्यात मोठ्या झाडाला दिवसाला २० लिटर धरलं तर एकरी २९ हजार लिटर. झाडाला ताशी ४ लिटरचा एकच ड्रिपर (नळीवरचं थेंब-थेंब पाणी सोडणारं तोंड) दिला तर पाच तास, दोन दिले तर अडीच तास. शेतीची वीज दिवसा आठ तास धरली, तरी ती सलग मिळेलच असं नाही. चार एकरांची बाग चार पाळ्यांत भिजवायची तर दोन ड्रिपर देऊनही दहा तास होतात, आणि एका ड्रिपरवर वीस. म्हणून ड्रिपर किती, व्हॉल्व्ह कुठे, सबमेन (ओळींतल्या नळ्यांना पाणी देणारा पाइप) किती इंची, हे आराखड्यावर ठरतं. नुसत्या नळ्या विकून गेला तर शेवटच्या ओळीतली झाडं तहानलेली राहतात आणि शेतकरी म्हणतो, ठिबक बोगस.

दुसरी अडचण चोंदण्याची. विहिरीच्या क्षारट पाण्याने ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर बसतो. उपाय आम्लप्रक्रिया: शेवटच्या ड्रिपरला पाण्याचा सामू (पीएच) ४ येईपर्यंत हायड्रोक्लोरिक आम्ल सोडायचं, रात्रभर तसंच ठेवायचं, सकाळी एंड कॅप (नळीच्या टोकाचं झाकण) उघडून नळ्या धुवायच्या. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. नदी-तळ्याच्या पाण्याला शेवाळाचा त्रास, तिथे सँड फिल्टर (वाळूची गाळणी) हवाच. आराखडा, बसवणी आणि नंतरची देखभाल, हे सगळं मालाबरोबर द्यावं लागलं. जैन यांचं खरं काम तिथे आहे.

ओटीवर
घरच्यांबद्दल विचारलंत. वडील हिरालाल, आई गौराबाई. पूर्वज राजस्थानातल्या अगोलईहून पाण्याच्या शोधात अजिंठ्याच्या पायथ्याशी आले. हे सुरुवातीला एका वाक्यात यायला हवं. नोकरीऐवजी माणसं, गुरं, पाखरं सगळ्यांचं पोट भरेल असं काही कर, अशा अर्थाचं आईचं सांगणं प्रसिद्ध आहे. ते तुमच्या शब्दांत लिहा, अवतरणचिन्हांत घालू नका. पत्नी कांताबाईंवर त्यांनी ‘ती आणि मी’ हे पुस्तक लिहिलं. उद्योजक स्वतःच्या पुस्तकात सहसा कारखाना सांगतात, इथे संसार आहे. लायब्ररीतून ते काढा आणि कुटुंबाचा परिच्छेद त्यावरच बेता. अशोक, अनिल, अजित, अतुल ही चारही मुलं धंद्यात आली, एवढा उल्लेख पुरे. कुणाकडे कुठलं पद, ते लेख छापेपर्यंत बदललेलं असू शकतं.

फोटो एकच घेणार असाल तर समारंभातला हार-शाल नको, शेतातला शोधा.