रे: छपरावरचा अँटेना – ४, ७, ११ का लागत नाहीत?

> प्रश्न (म. दे., फ्रीमाँट):
> चार बो-टायचा (फुलपाखरासारख्या पंखांच्या चार जोड्यांचा) अँटेना छपरावर आहे, तोंड सॅन फ्रान्सिस्कोकडे. २, ५, ९ स्वच्छ दिसतात. ४, ७, ११ स्कॅनमध्येच येत नाहीत. बूस्टर घेऊ का?

ताई,
बूस्टर नको. पडद्यावरचा आकडा नावापुरता असतो. ४ प्रत्यक्षात हवेतल्या चॅनल ७ वर येतो, ७ येतो १२ वर आणि ११ येतो १३ वर. तिन्ही व्हीएचएफच्या, म्हणजे लांब लहरींच्या पट्ट्यातले, १७४ ते २१६ मेगाहर्ट्झ. त्याला साधारण ७३ सेंमी लांबीचा दांडा लागतो. बो-टाय यूएचएफच्या, म्हणजे आखूड लहरींच्या मापाचा, त्याचे पंख टोकापासून टोकापर्यंत याहून बरेच आखूड. मुळात सिग्नलच नसेल तर बूस्टर फक्त गोंगाट वाढवणार.

बो-टाय काढू मात्र नका. मागच्या जाळीमुळे तो पाठीमागचं फारसं घेत नाही, आणि तुमच्या पाठीशी मिशन पीकचे डोंगर आहेत; तिथून आपटून येणारा सिग्नल चित्र फोडतो. म्हणूनच चहूदिशांचं घेणारा तबकडीसारखा अँटेना तुमच्याकडे कुचकामी.

त्याच खांबावर, मीटरभर अंतर ठेवून, हवेतल्या ७–१३ साठीचा पाच दांड्यांचा यागी (एका नळीवर रांगेत दांडे असलेला, एकाच दिशेचं घेणारा अँटेना) लावा, दांडे आडवे. ४ आणि ७ चा सुट्रो टॉवर आणि ११ चा सॅन ब्रुनो माउंटन यांच्यात तुमच्याकडून जेमतेम ८ अंशांचा फरक. एवढा छोटा यागी दोन्ही सहज घेतो. दोन्ही अँटेना एका केबलला जोडायला व्हीएचएफ-यूएचएफ कंबायनरच वापरा. स्प्लिटर उलटा लावलात तर निम्मा सिग्नल तिथेच जातो. मग पुन्हा स्कॅन.
– श्री. कु., मिल्पिटास

काका, लॉग-पीरिऑडिक (लहान-लहान होत जाणाऱ्या दांड्यांचा, दोन्ही पट्टे घेणारा अँटेना) घेतला तर एकातच भागेल ना?
– म. दे.

भागेल. सगळ्या चॅनलांवर त्याची दिशा जवळपास सारखी राहते, पण त्याच लांबीच्या यागीपेक्षा गेन, म्हणजे सिग्नल पकडायची ताकद, कमी. तीसेक मैलांवर, मध्ये अडथळा नसेल तर पुरतो. जुना, १४ ते ६९ चा यूएचएफ यागी कुणी फुकट दिला तरी घेऊ नका: त्याचा जोर वरच्या चॅनलांवर, आणि ३६ च्या वर आता टीव्ही उरलेलाच नाही.

खांबाला १० गेजची तांब्याची तार लावून ती घराच्या अर्थिंगला जोडा, केबललाही ग्राउंड ब्लॉक (तिला अर्थिंगशी जोडणारा छोटा ठोकळा) हवाच. अँटेनाची दिशा साधारण ३०० अंश, पण खऱ्या उत्तरेपासून. फोनचं होकायंत्र चुंबकीय उत्तर दाखवत असेल तर आपल्याकडे १३ अंशांची चूक होते. बो-टायला ती खपते, लांब यागीला नाही.
– श्री. कु.