बिल्ड आपटली की फॉरमॅट? मग विंडोज इनसायडरमध्ये आलात कशाला?

लॉगवाचक
"प्रीव्ह्यू बिल्ड अर्ध्यात आपटली तर डोकं खाजवत बसू नका, पेनड्राइव्ह लावा आणि फॉरमॅट मारा." विंडोजच्या कच्च्या आवृत्त्या (प्रीव्ह्यू बिल्ड) आधी वापरून बघणाऱ्या इनसायडरांना दिलेला हा सल्ला परवा वाचला, खाली भराभर +१ पण पडले. हसावं की रडावं?

अपग्रेड पडल्यावरचा एरर कोड सी१९००१०१ म्हणजे बहुधा ड्रायव्हर, हे सगळ्यांना पाठ आहे. खरी माहिती त्याला जोडून येणाऱ्या पुढच्या आकड्यात असते. त्याचा पहिला अंक म्हणजे टप्पा: २००१७ असेल तर सेफ ओएसमध्येच (अपग्रेडपुरत्या तात्पुरत्या सिस्टममध्ये) बूट अडलं, ३००१८ म्हणजे पहिल्या बूटला, ४०००डी म्हणजे दुसऱ्या बूटला डेटा हलवताना. २००१७ ला आधी डॉक, यूएसबीची लटकंती आणि जादा डिस्क काढा, मग बायोस अपडेट.

रोलबॅकचा (पडलेलं अपग्रेड उलटवल्याचा) लॉग सी ड्राइव्हवरच्या लपलेल्या 'डॉलर विंडोज टिल्ड बीटी' फोल्डरात, सोर्सेसच्या आत रोलबॅकमध्ये मिळतो. त्यातली सेटअपॲक्ट ही फाइल शेवटाकडून वर वाचा. तळाची एरर बऱ्याचदा नुसता परिणाम असते. वर कुठे 'ओईएम१२ डॉट आयएनएफ' असं ड्रायव्हरच्या फाइलचं नाव दिसलं की पीएनपीयूटिल कमांडने ड्रायव्हरांची यादी काढा, ते कुणाचं बाळ आहे ते कळेल. मग त्यानेच ते उडवा. फॉरमॅटमध्ये हा पुरावा जातो आणि विंडोज अपडेट तोच ड्रायव्हर परत आणून बसवू शकतं.

सरळसोट
तो सल्ला माझाच. शवविच्छेदन झकास, पण पेशंट उठणार कधी? कॅनरीवरून (सगळ्यात कच्च्या बिल्डींच्या चॅनलवरून) खालच्या चॅनलला यायला क्लीन इन्स्टॉलशिवाय वाट नाही. त्यात बिल्डला एक्सपायरी, विनव्हर कमांडने तारीख बघा. तुमचं बाळ सापडेपर्यंत पुढची बिल्ड येते.

गोबॅक_प्रेमी
दोघंही विसरलात. अपग्रेडनंतर १० दिवस मागे जाता येतं. ते संपायच्या आत डिस्म कमांडने अनइन्स्टॉल विंडो (मागे जायची मुदत) ६० दिवसांवर न्या.

सरळसोट
६० चं कौतुक पुरे. पूर्ण अपग्रेड म्हणून चढणारी प्रत्येक नवी बिल्ड विंडोज डॉट ओल्ड (मागे जायला ठेवलेली जुनी सिस्टम) नव्याने बनवते. देव चॅनलवर अशा तीन बिल्डी चढवून मागे गेलात तर दुसऱ्या बिल्डीवर उतराल, स्टेबलवर नाही.

गोबॅक_प्रेमी
बरं, मान्य. तेवढ्यासाठी इतकं फिस्कारायला नको होतं.

नियमित_वाचक
आधी एसएफसी स्कॅननाऊ आणि डिस्म रिस्टोअरहेल्थ या विंडोज दुरुस्त करणाऱ्या कमांडी चालवा ना, निम्मे प्रश्न सुटतात.

लॉगवाचक
कुठले निम्मे? एसएफसी चालू सिस्टमच्या फायली तपासतं. अपग्रेड पडतंय नव्या सिस्टमच्या बूटला. ही आरती ओवाळणं थांबवा. डिस्मने ८००एफ०८१एफ (दुरुस्तीच्या फायली सापडल्या नाहीत) ही एरर दिली तर त्याच बिल्डचं आयएसओ सोर्स म्हणून द्यावं लागतं, हे मात्र कुणी सांगत नाही.

हब_पीडित
एवढे लॉग वाचून करणार काय? फीडबॅक हबमध्ये, मायक्रोसॉफ्टच्या तक्रार-ॲपमध्ये, टाकणार. २०१८ चं विंडोज १० चं १८०९ अपडेट आठवा. डॉक्युमेंट्समधल्या फायली उडतात अशा तक्रारी इनसायडरांनी आधीच टाकल्या होत्या. अपव्होट नाहीत म्हणून तळाशी गेल्या. २ ऑक्टोबरला अपडेट सुटलं, चार दिवसांत थांबवावं लागलं.

लॉगवाचक
ते नोन फोल्डर रिडायरेक्शनवाल्यांचं (डॉक्युमेंट्ससारखी फोल्डरं दुसरीकडे वळवलेल्यांचं) झालं. म्हणूनच नंतर हबमध्ये तीव्रता नोंदवायची सोय आली.

हब_पीडित
घर जळाल्यावर बंब! रिलीज प्रीव्ह्यूची (सुटण्याआधीच्या शेवटच्या चाचणीची) पायरीच गाळली होती, त्याला तुमची तीव्रता काय करणार?

लॉगवाचक
मग तक्रारच टाकू नका. "चालत नाही, दुरुस्त करा" एवढं लिहिणारे तुम्हीच. त्यात बिल्ड नंबर नसतो, घडलेलं पुन्हा कसं घडवायचं हे नसतं. अशा ढिगाऱ्यातून कुणी काय शोधावं?

हब_पीडित
मी काय लिहितो ते तुम्हाला काय माहीत? फुकटात टेस्टिंग करायचं आणि वर निबंधाचे मार्कही कापून घ्यायचे!

नियमित_वाचक
धागा कुठे निघालाय? आणि हो, बिटलॉकर (डिस्कचं कुलूप) आधी सस्पेंड करा, ४८ अंकी रिकव्हरी की दुसरीकडे लिहून ठेवा. नाहीतर लॉगही नाही आणि फॉरमॅटआधीचा बॅकअपही नाही. (आता ओवाळा आरती.)

लॉगवाचक
हे मात्र बरोबर.

सरळसोट
ठीक आहे, सल्ल्यात दुरुस्ती: फॉरमॅटआधी पँथर आणि रोलबॅक ही लॉगची दोन फोल्डरं पेनड्राइव्हवर उचलून ठेवा. पाच मिनिटं. सहावं मिनिट मी देणार नाही.