मदत हवी आहे: चीटग्रासने गिळलेल्या कुरणात बहुवर्षायू गवत परत कसं आणायचं?

नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या ग्रेट बेसिन या कोरड्या प्रदेशात, सेजब्रश नावाच्या देशी झुडपांच्या पट्ट्यातलं एक चराऊ कुरण मी सांभाळतो. वणव्यानंतर तिथे सगळीकडे चीटग्रास माजलंय. हे वर्षायू गवत शरद ऋतूतच उगवतं, हिवाळाभर मुळं खाली सोडतं आणि देशी गवतांची रोपं वर यायच्या आत जमिनीतली ओल पिऊन टाकतं. उन्हाळा लागताच वाळून जातं, की पुन्हा वणव्याला आमंत्रण. जुने सेजब्रश एकदा जळाले की मुळापासून फुटत नाहीत, त्यामुळे प्रत्येक आगीत कुरण आणखी मागे जातं. हे बघवत नाही.

माझा खरा पेच क्रमाचा आहे. इंडाझिफ्लाम (बी रुजू न देणारं तणनाशक) मारलं तर चीटग्रासचं बी काही वर्षं रुजणार नाही, आणि तोवर जमिनीतला बियांचा साठा बराच संपेल. पण तेच औषध मी पेरलेल्या ब्लूबंच व्हीटग्रास या देशी बहुवर्षायू गवतालाही रुजू देणार नाही. मग आधी फवारणी करून थांबायचं, की बियाणं सक्रिय कोळशाच्या गोळ्यांत घालून लगेच पेरायचं? कोळसा औषध शोषतो हे खरं, पण कोरड्या वर्षी त्या गोळ्या फुटून अंकुर वर येतो का?

काही भागात सँडबर्ग ब्लूग्रास या देशी बहुवर्षायू गवताचे ठोंब अजून तग धरून आहेत. तिथे पेरणी न करता फक्त फवारणी पुरेल, असं मला वाटतं. शरदात गुरं चारून वाळलेल्या चीटग्रासचा थर कमी करण्याचा कुणाला अनुभव आहे का? ठोंबांना इजा न होता गुरं किती दिवस ठेवावीत?

प्रत्यक्ष केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा, फसलेले प्रयोगसुद्धा.