आतड्याचं ऑपरेशन झालं की गॅस सुटेपर्यंत उपाशी, हा नियम अजून कशाला?

लालबागकर_सुहास
वडिलांच्या मोठ्या आतड्याचा तुकडा काढून जोड दिलाय, आधीपासून ठरलेलं ऑपरेशन, इमर्जन्सी नव्हती. तरी नाकात नळी, हाताला सलाईन, आणि पाण्याचा थेंब नाही. ओठ सुकून चिरलेत, आई कापसाचा बोळा ओला करून फिरवते. राऊंडला रोज एकच प्रश्न, 'बाबा, गॅस सुटला का?' आणि नाही म्हटलं की पुढे जातात. हे मला पटत नाही. 2001 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 11 चाचण्या एकत्र करून छापलंय, 837 पेशंट, 24 तासांच्या आत तोंडाने किंवा नळीतून थेट आतड्यात अन्न सुरू केलेल्यांना इन्फेक्शन कमी झालं, घरीही जरा लवकर गेले, जोड सुटायचं प्रमाण काही वाढलं नाही. मग आपल्याकडे अजून वाट का बघायची?

वॉर्ड_सिस्टर_ठाणे
सुहासदादा, त्याच पेपरात लवकर अन्न सुरू केलेल्यांना उलट्या जास्त झाल्या हेही लिहिलंय, ते का सोडलंत? रात्री अख्ख्या वॉर्डात आम्ही दोघी. झोपेत असलेल्या म्हाताऱ्या माणसाला उलटी झाली आणि ती श्वासनळीत गेली तर न्यूमोनिया होतो, ते निस्तरायला आम्हीच असतो. आणि डॉक्टर 'पातळ द्या' म्हणून जातात, नातेवाईकांचं पातळ म्हणजे काय काय असतं ते मी बघितलंय, एकाने डब्यातून साबुदाण्याची खीर आणलेली, वाटीभर पाजून मोकळा. उपाशी ठेवलं की निदान सगळ्यांना एकच गोष्ट कळते.

शिवडी_रेसिडेंट
सर्जरीतच आहे म्हणून लिहितो. 'जोडाला आराम द्यायचा' हे ऐकायला बरोबर वाटतं, पण आतडं कोरडं कधीच नसतं. लाळ, जठराचा रस, पित्त, स्वादुपिंडाचा रस सगळं धरून दिवसाला साधारण सात लिटर आपलं आपणच आत सोडतो, उपाशी असलात तर कमी होतं, पण थांबत नाही. त्यात चार घोट पेजेने काय फरक पडणार? लहान आतडं काही तासांतच हलायला लागतं, जठराला एक-दोन दिवस, मोठं आतडं सगळ्यात शेवटी, दोन-तीन दिवसांनी. गॅस सुटतो तो या शेवटच्याचा, म्हणजे पुढची दुकानं उघडलेली असताना आपण मागच्या गोदामाची वाट बघत बसतो. डेन्मार्कच्या हेन्रिक केलेट यांनी 1990 च्या दशकातच दाखवलं की मॉर्फिनसारखी औषधं कमी, सलाईन मोजकं, नळी उगाच ठेवायची नाही, त्याच दिवशी उठवून बसवायचं आणि खायला द्यायचं, हे सगळं एकत्र केलं तर पेशंट लवकर उभा राहतो. सलाईन धो-धो चालवलं तर आतड्याची भिंतच सुजते आणि ते आणखी मंद होतं.

आणि एक, सलाईनने 'ताकद येते' हे डोक्यातून काढा. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या एका लिटरमध्ये 50 ग्रॅम साखर असते, जेमतेम 170 कॅलरी. परळला गावाकडून कॅन्सरचे पेशंट येतात ते आधीच हाडाला चिकटलेले असतात, मग पोट साफ करायचं औषध, मग रात्री बारानंतर काही नाही, मग लिस्टमध्ये नंबर दुपारी. खरं तर भूल द्यायच्या दोन तास आधीपर्यंत साधं पाणी चालतं, पण नंबर कधी लागेल हे कोणी सांगत नाही म्हणून माणूस सकाळपासून तसाच.

गिरगाव_सुनंदा
डॉक्टर, तुमचे आकडे तुमच्यापाशी. माझ्या मामांना दुसऱ्या दिवशी चहा दिला, मग ज्यूस, आणि पुढे जोड सुटला, पोटात पू, पुन्हा पोट उघडलं, मामा गेले. मला कोणी 837 लोकांचं सांगू नका.

शिवडी_रेसिडेंट
ताई, मामांचं वाचून वाईट वाटलं, त्यांच्या केसबद्दल मी काहीच बोलू शकत नाही. जोड बहुतेक वेळा पाचव्या ते सातव्या दिवसाच्या आसपास सुटलेला कळतो, उपाशी असलेल्यांचाही. रक्तपुरवठा कमी पडणं, जोडावर ताण, तंबाखू, स्टेरॉइड, आधीचं कुपोषण ही कारणं मोठी. आतडं फुटून पोटात घाण पसरलेली केस, बीपी फार उतरलं म्हणून ते वर ठेवायला औषध चालू असलेला पेशंट, पोट टम्म फुगलेला, यांना मीही देणार नाही. सुहास बोलतायत ते ठरलेल्या ऑपरेशनबद्दल.

गिरगाव_सुनंदा
असेल. मी माझ्या माणसाला गॅस सुटल्याशिवाय नाही देणार.

लालबागकर_सुहास
सिस्टर, माणसं कमी आहेत हे कबूल, पण म्हणून पेशंटने उपाशी राहायचं का? त्यावर काय ते सांगा ना.

वॉर्ड_सिस्टर_ठाणे
सांगते. केस पेपरवर नुसतं 'तोंडाने पातळ सुरू' लिहून जाऊ नका. किती मिली, किती वेळाने, बसवून द्यायचं, आणि मळमळ, उचकी, पोट ताठ, नाडी वाढली यातलं काय झालं तर थांबवून कोणाला फोन करायचा, ते लिहा. पेज किचनमधून येऊ दे, डब्यातून नको. आणि सुरुवात सकाळच्या राऊंडनंतर करा, संध्याकाळी सातला नाही, कारण सातनंतर बघायला कोणी नसतं. एवढं लिहून मिळालं तर माझी हरकत नाही, पण आमच्या वॉर्डात अजून तरी ते मिळत नाही.