ऑपरेटर तयार करायचा आम्ही आणि तो जाणार चाकणला, यावर काय करताय?

शॉपवाला_कोल्हापूर
गोकुळ शिरगावला माझं छोटं मशीन शॉप आहे, सीएनसी टर्निंगची चार मशीन (कॉम्प्युटरवर चालणारे लेथ) आणि दोन व्हीएमसी (तशीच मिलिंगची मशीन), फौंड्रीकडनं कास्टिंग म्हणजे ओतीव भाग येतं आणि मशिनिंग होऊन परत जातं, माणसं सगळी धरून वीसेक. काम आहे, मशीन आहे, बँकेचा हप्ता तर आहेच आहे, पण चालवायला माणूस नाही, रात्रपाळीला दोन मशीन बंद ठेवायला लागतायत. आयटीआयचा पोरगा घ्यायचा, त्याला मायक्रोमीटर कसा धरायचा इथपासून शिकवायचं, त्याचं रिजेक्शन, म्हणजे बाद झालेले पीस, सोसायचं, आणि हात बसला रे बसला की "मालक, चाकणला मित्र हाय, तीन-चार हजार जास्त देत्यात" म्हणून पोरगं गायब. दिवाळीचा बोनस हातात पडल्यावर तर हमखास. ओळखीचे लोक म्हणतायत मधेच सोडलं तर पैसे भरीन असा बाँड लिहून घे, ओरिजिनल सर्टिफिकेट ठेवून घे. पगार इथल्या बाजाराप्रमाणे देतो, पुण्याएवढा परवडत नाही कारण पीसचा रेट गिऱ्हाईक ठरवतो. कुणी माणसं टिकवून दाखवलीत का? स्वतः केलेलं असंल तेच सांगा, मॅनेजमेंटची भाषणं नकोत.

भोसरी_जुना
सर्टिफिकेटचं डोक्यातनं काढा आधी. पहिल्याच दिवशी पोराचा कागद कपाटात कुलूपबंद केलात तर तो तुमच्याकडं काम करायला नाही, सुटायला बघणार, आणि ही बातमी आयटीआयच्या कट्ट्यावर एका दिवसात पोचते, पुढच्या बॅचचं कुणी दारात येत नाही. बाँडचंही तेच, त्या रकमेसाठी कोर्टात कोण खेटे घालणार.

आमच्याकडं पगाराच्या पायऱ्या लिहून भिंतीवर लावल्या आहेत. नुसता पीस चढवणारा-उतरवणारा आणि सायकल स्टार्ट दाबणारा ही पहिली, मग स्वतः ऑफसेट मारून (मशीनमध्ये मापाची दुरुस्ती भरून) साइज धरणारा, मग इन्सर्ट (कापायच्या टूलचं पातं) बदलून पहिला पीस पास करून घेणारा, मग ड्रॉइंग वाचून नव्या जॉबचं सेटिंग करणारा, आणि सगळ्यात वर प्रोग्राम लिहिणारा. प्रत्येक पायरीपुढं रक्कम लिहिलेली. चाचणी मी घेत नाही, क्वालिटीवाला घेतो, नाहीतर फिरून मालकाची मर्जीच. यात खर्च आहे हे आधीच सांगतो, पोरगा पायरी चढला की त्याच महिन्यापासून वाढ द्यायची, "एप्रिलला बघू" म्हणालात की तो कागद रद्दीत गेला समजा. जाणारे आमच्याकडनंही जातात, पण सहा महिन्यांत जाणारा आता दोन-तीन वर्षं थांबतोय, आणि तेवढ्यात मागचा तयार होतो.

राधानगरीचा_पोरगा
मी तो चाकणला गेलेलाच हाय मालक, तुमच्याकडचा न्हाई पण तुमच्याच एमआयडीसीतला. आमचा मालक माणूस चांगला, पण दोन वर्षं एकच मशीन, एकच ब्रॅकेट, आणि सेटर, म्हणजे मशीन जॉबसाठी लावून देणारा, आला की मला चहा आणायला पाठवायचे म्हंजे मी सेटिंग बघू नये. का तर शिकला की जाईल. शिकवलं न्हाई म्हणून गेलो की ओ! ओटी (ओव्हरटाइम) पण सिंगल रेटनं मिळायचा, कायद्यानं दुप्पट असतो हे मला हितं आल्यावर कळलं.

आणि हितं लय मजा हाय असं न्हाई. नाव कॉन्ट्रॅक्टरकडं, सात महिन्यांनी ब्रेक, एका खोलीत सहा जण, भाडं आणि मेस जाऊन ते वरचे तीन-चार हजार कुठं जातात कळत न्हाई. घरी असतो तर भाकरी घरची, दूध घरचं. तुम्ही पुण्याएवढं देऊच नका, हजार-दीड हजार कमी असलं तरी माझ्यासारखे दहा जण परत येतील, पण सेटिंग शिकवा, पगार तारखेला करा, आणि भात कापणीला चार दिवस सुट्टी मागितली की तोंड वाकडं करू नका. कापणी दरवर्षी येतीया, ती काय अचानक येत न्हाई, आधीच पाळ्या लावून ठेवायच्या.

एचआर_ताई
वरच्या दादांनी लाखातलं सांगितलंय. माझी भर फक्त कागदपत्रांची. ३० च्या खाली माणसं असतील तर अप्रेंटिस (शिकाऊ कामगार) घेणं सक्तीचं नाही, पण ४ किंवा जास्त असतील तर घेता येतात, एकूण माणसांच्या १५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे तुम्हाला तिघं. २०१६ पासूनची केंद्राची नॅप्स ही अप्रेंटिसना मदत करणारी योजना आहे, पोर्टलवर नोंदणी केलीत की स्टायपेंडच्या (शिकाऊला मिळणाऱ्या मानधनाच्या) २५ टक्के, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, सरकार सरळ पोराच्या खात्यात टाकतं. मात्र अप्रेंटिस म्हणजे स्वस्त ऑपरेटर असं धरून त्याला रात्रपाळीत एकटा उभा केलात तर वर्ष संपायच्या आत तोही चाकणला.

अजून एक, याकडं फार कुणी बघत नाही. पगार वाढून २१,००० च्या वर गेला की चालू सहामाही संपल्यावर माणूस ईएसआयसीतनं, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेतनं, बाहेर पडतो. तुम्ही वाढ दिलीत पण घरच्यांचं दवाखान्याचं कवच गेलं, मग बायको म्हणते कसली वाढ ही. तेवढ्या लोकांसाठी ग्रुप मेडिक्लेम (सगळ्यांचा मिळून आरोग्य विमा) काढा. आणि आयटीआयतनं मुलीही बाहेर पडतायत, पहिल्या पाळीला त्यांना घ्या की, फक्त त्याआधी स्वच्छ बाथरूम बांधा.

पीसरेटचा_बळी
सगळं बरोबर हो, पण गिऱ्हाईक वर्षानुवर्षं रेट वाढवत नाही आणि वर म्हणतं कॉस्ट डाऊन द्या, त्यातनं पायऱ्या कुठनं चढवायच्या?

भोसरी_जुना
@पीसरेटचा_बळी बंद मशीनचा हप्ता, नव्या पोराचं रिजेक्शन, मोडलेले इन्सर्ट आणि परत आलेल्या लॉटचं भाडं, हे एकदा एका कागदावर मांडा. मी मांडलं तेव्हा पगारवाढ त्यापुढं किरकोळ निघाली. रेटसाठी गिऱ्हाईकाशी भांडायचंच आहे, ते वेगळं भांडण.

शॉपवाला_कोल्हापूर
धन्यवाद मंडळी, पायऱ्यांचं पटलं. पण माझी अडचण वेगळीच निघतीया, आमचे सेटर वडिलांच्या वेळचे, मामाच म्हणतो त्यांना, ते कुणाला हातच लावू देत नाहीत. पोरं तयार झाली तर आपली किंमत जाईल असं त्यांना वाटतं आणि त्यांना दुखवून चालत नाही, ते गेले तर शॉप बंद.

भोसरी_जुना
मग मामांना शिकवायचे पैसे द्या. पोरगा सेटिंगची चाचणी पास झाला की ठरलेल्या रकमेतली अर्धी मामांना, आणि तोच पोरगा वर्षभर टिकला की उरलेली अर्धी. आमचा सेटर आता पोरांना चहाला पाठवत नाही, उलट पोरगं सुट्टीवरनं आलं नाही तर त्याच्या घरी फोन करतो. मामांचं पद मात्र आधी वाढवा, सेटरचं सुपरवायझर करा, आणि हे बाकीच्यांना कळायच्या आधी त्यांना एकट्याला बसवून सांगा.